बार्शीच्या खेड्यांपासून प्रयोगशाळेपर्यंत : कर्करोग संशोधनातील पीएच. डी. च्या संधी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव भगवंताच्या मंदिरासाठी, धान्याच्या मोठ्या पेठेसाठी आणि एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु जगभरातील कर्करोग संशोधकांना हे नाव माहीत आहे ते एका निराळ्याच कारणाने. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. बार्शी तालुका आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. तोपर्यंत खेड्यांतील कर्करोगाचे प्रमाण किती, तो कोणत्या अवयवांना होतो आणि रुग्ण कोणत्या अवस्थेत उपचारासाठी येतात, याविषयी देशात खात्रीलायक आकडेवारीच उपलब्ध नव्हती.

ज्या भूमीने कर्करोगविषयक ज्ञानात एवढी मोलाची भर घातली, त्याच भूमीतील मुलामुलींना कर्करोगाचे शास्त्रज्ञ होण्याची वाट कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे. काही दिवसांपूर्वी एका ग्रामसभेच्या निमित्ताने बार्शी तालुक्यात जाण्याचा प्रसंग आला. सभा संपल्यावर एक शेतकरी थांबले आणि म्हणाले, "साहेब, थोरली पोरगी एम. एस्सी. झाली. आणखी शिकायचं म्हणती. आता अजून किती पैसं घालायचं सांगा." त्यांना सांगितले की, या पुढच्या शिक्षणासाठी पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला शासनच दरमहा विद्यावेतन देते. त्यांचा विश्वास बसला नाही. हा अविश्वास एकट्या त्यांचा नाही. शिक्षण म्हणजे घरातून जाणारा पैसा, हाच आपल्या खेड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणूनच ही माहिती शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापर्यंत सविस्तर पोहोचविणे अगत्याचे वाटते.

बार्शीने काय शिकविले

शहरातील रुग्णालयांत कागदपत्रे असतात. त्यांवरून रुग्णांची नोंद करता येते. खेड्यात तशी सोय नव्हती. दुखणे अंगावर काढण्याची सवय, भीती आणि दारिद्र्य यांमुळे अनेक रुग्ण रुग्णालयाची पायरी चढतच नसत. त्यामुळे बार्शीच्या नोंदणीतील कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले. गावातील जाणत्या मंडळींना भेटणे, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगणे, संशयित रुग्णांना तपासणीसाठी प्रवृत्त करणे आणि त्यानंतर नोंद करणे, अशी ही पद्धत होती. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे साहाय्य तिला लाभले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय हे या कार्याचे केंद्र होते. काही वर्षांतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीसाठी येऊ लागल्या. केवळ माहिती दिल्याने फरक पडतो, हा त्यातून मिळालेला पहिला धडा.

पुढे १९९९ साली याच मंडळींनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश झाला. समूहांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे 'एचपीव्ही'ची तपासणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी करावयाची तपासणी, तर चौथ्या गटाला त्या काळी प्रचलित असलेल्या आरोग्यसेवाच उपलब्ध होत्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आदींनी २००९ साली या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखीच होती. एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, ही गोष्ट जगाला या खेड्यांनी दाखवून दिली.

या अभ्यासातील चौथ्या गटाला तपासणी का दिली गेली नाही, हा नैतिक प्रश्नही पुढे उपस्थित झाला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. ती योग्यच होती. ज्या माणसांच्या शरीरावरून आपण ज्ञान मिळवितो, त्यांच्याप्रती आपले कर्तव्य काय, याचा विचार संशोधनाच्या प्रशिक्षणात आता अनिवार्य मानला जातो.

रोग पेशीत सुरू होतो

असे अभ्यास रोग कोणाला होतो व तो कसा टाळता येईल हे सांगतात. तो मुळात का होतो, हे शोधण्याचे काम कर्करोग जीवशास्त्र करते. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीने केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे, याच्या आज्ञा तिच्या जनुकांत लिहिलेल्या असतात. या आज्ञांत बिघाड झाला की पेशी बेबंद वाढू लागते. तोच कर्करोगाचा आरंभ होय.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांनी दाखविले. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू दोन प्रथिने निर्माण करतो. एक प्रथिन पेशीतील 'पी-५३' नावाच्या रक्षक प्रथिनाचा नाश घडविते, दुसरे 'आरबी' या दुसऱ्या रक्षकाला निष्प्रभ करते. गावचे दोन्ही जागले एकाच रात्री नाहीसे व्हावेत, तसा हा प्रकार. मूलभूत संशोधनातून मिळालेल्या या ज्ञानावरच पुढे तपासणीच्या पद्धती आणि प्रतिबंधक लस उभी राहिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्व्हाव्हॅक' ही स्वदेशी लस २०२३ पासून बाजारात आली आहे.

मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तंबाखू, मशेरी आणि गुटखा यांचा वापर आपल्या भागाला नवीन नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली; तथापि सवय केवळ बंदीने सुटत नाही. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये गाल व हिरडी यांना होणाऱ्या कर्करोगात कोणती जनुके बिघडतात, याचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भाग म्हणून केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. नवी मुंबईतील खारघरचे 'ॲक्ट्रेक' हे केंद्र त्यात सहभागी होते. हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतो. त्यावरील संशोधन आपण केले नाही, तर ते दुसऱ्या कोणी आपल्यासाठी करील, अशी अपेक्षा बाळगता येणार नाही.

महाराष्ट्राची परंपरा

कर्करोग संशोधनाचा पाया महाराष्ट्रात फार पूर्वी घातला गेला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी लोकांच्या चालीरीती व कर्करोग यांचा संबंध तपासला. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे त्यांनी केलेले वर्णन आजही शास्त्रीय साहित्यात उल्लेखिले जाते. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते पहिले संचालक.

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. संपादन केली. त्यानंतर अधिछात्रवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत गेल्या, बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे, तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना 'पद्मभूषण' किताबाने गौरविण्यात आले. पुढील आयुष्यात अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाच्या प्रश्नाकडे त्या वळल्या. एका अधिछात्रवृत्तीतून समाजाला किती परत मिळू शकते, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

अलीकडचे उदाहरणही आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने, रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशींच्या साहाय्याने उपचार करण्याची पद्धत विकसित झाली. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा रुग्णाला देण्याची ही पद्धत होय. २०२३ साली तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. या यशात संशोधक विद्यार्थ्यांच्या कित्येक वर्षांच्या परिश्रमांचा वाटा आहे.

पीएच. डी. चे प्रशिक्षण कसे असते

पीएच. डी. म्हणजे आणखी एक परीक्षा, असा एक समज आढळतो. वस्तुतः ती एक दीर्घ उमेदवारी आहे. गवंड्याच्या हाताखाली राहून माणूस गवंडी होतो, तसे मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करून विद्यार्थी संशोधक होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच. डी. ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे लागतात. महिला व दिव्यांग विद्यार्थ्यांना अधिक मुदतीची सवलत असून महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा घेता येते. विवाहामुळे अथवा अपत्यामुळे संशोधन सोडावे लागते, असे मानणाऱ्या पालकांनी ही तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी.

प्रारंभी अभ्यासक्रमाचा भाग असतो. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संशोधनाची नीतिमत्ता यांचे शिक्षण त्यात मिळते. नंतर विषय निश्चित होऊन प्रयोगांना आरंभ होतो. पेशी वाढविणे, जनुकांचा क्रम वाचणे, रुग्णांच्या संमतीने मिळालेल्या ऊतींची तपासणी करणे, संगणकावर आकडेवारीचे विश्लेषण करणे, अशी कामे विद्यार्थी करतो. सल्लागार समिती वेळोवेळी प्रगतीचा आढावा घेते. शेवटी प्रबंध सादर होतो, तज्ज्ञ तो तपासतात आणि विद्यार्थ्याला आपले निष्कर्ष मौखिक परीक्षेत समर्थपणे मांडावे लागतात. अनेक प्रयोग फसतात. फसलेल्या प्रयोगाची नोंदही प्रामाणिकपणे ठेवणे हा या शिक्षणाचा गाभा आहे.

खर्च कोण करतो

प्रवेशासाठी सामान्यतः विज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि किमान ५५ टक्के गुण लागतात; राखीव प्रवर्गांना नियमानुसार ५ टक्क्यांची सवलत आहे. काही संस्था याहून अधिक गुणांची अट घालतात. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र अशा अनेक विषयांतून कर्करोग संशोधनाकडे वळता येते.

विद्यावेतनाचा सर्वात मोठा मार्ग म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त 'नेट' परीक्षा. ती सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते आणि जीवविज्ञान हा तिच्या विषयांपैकी एक आहे. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. याशिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता आणि आकस्मिक खर्चासाठी अनुदान मिळते. एकूण मुदत पाच वर्षांची असते.

जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. विद्यापीठाच्या पदव्युत्तर परीक्षेत विज्ञान शाखेत प्रथम येणाऱ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' अधिछात्रवृत्ती आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था जीवविज्ञानासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते.

राज्य पातळीवरही सोय आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याची 'बार्टी', मराठा व कुणबी समाजांतील संशोधकांसाठी 'सारथी' आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी नागपूरची 'महाज्योती' या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. अनुसूचित जमातींसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती उपलब्ध आहे. राज्यातील या योजनांसाठी आधी पीएच. डी. साठी नोंदणी झालेली असावी लागते. जागांची संख्या, वयोमर्यादा व अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचणे आवश्यक आहे.

शिक्षणाची ठिकाणे दूर नाहीत. खारघरच्या ॲक्ट्रेकमधील विद्यार्थी २००५ साली स्थापन झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची पदवी घेतात. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. सोलापुरात २००४ साली स्थापन झालेले, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ आहे आणि १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

अडचणींचा विचार

या वाटेवरील अडचणी लपविणे उचित होणार नाही. राष्ट्रीय परीक्षेची जीवविज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतून असते. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला वेगळी तयारी करावी लागते. स्पर्धा तीव्र आहे आणि पहिल्या प्रयत्नात यश न येणारे पुष्कळ असतात. विद्यावेतनाची रक्कम काही वेळा विलंबाने हाती पडते. म्हणून आरंभीच्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरच्यांनी केलेली बरी. पीएच. डी. नंतर नोकरीची हमी कोणी देत नाही. अध्यापन, संशोधन संस्था, औषधनिर्मिती व निदान उद्योग ही क्षेत्रे खुली असतात. तथापि त्यांसाठी प्रयत्न करावे लागतात. हे सर्व समजून घेऊन जो विद्यार्थी या क्षेत्रात येतो, तोच टिकतो.

आपण काय करू शकतो

शिक्षकांनी बारावीच्या वर्गातच विद्यार्थ्यांना सांगावे की, वैद्यकीय प्रवेश न मिळाल्याने रोगांशी लढण्याची वाट बंद होत नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी एम. एस्सी. च्या पहिल्या वर्षापासून 'नेट' परीक्षेची ओळख करून द्यावी आणि शास्त्रीय इंग्रजी वाचण्याचा सराव घडवून आणावा. ग्रामपंचायतींच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी जीवविज्ञानाची दोन-चार पुस्तके ठेवणे फार खर्चाचे काम नाही. महसूल व समाजकल्याण विभागांतील अधिकाऱ्यांनी जातवैधता, उन्नत गटात मोडत नसल्याचे व उत्पन्नाचे दाखले वेळेत मिळतील याकडे लक्ष पुरवावे. एका दाखल्याच्या विलंबाने विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्यांना विद्यावेतनाचा आकडा कागदावर लिहून दिला, तेव्हा त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि एवढेच विचारले, "अर्ज कुठं करायचा?" हा प्रश्न प्रत्येक गावातून विचारला जावा आणि त्याचे उत्तर देणारा माणूस त्याच गावात असावा, हे आपल्या हाती आहे. बार्शी, परांडा आणि भूम येथील स्त्री-पुरुषांनी कार्यकर्त्यांना दार उघडले, माहिती दिली, तपासणी करून घेतली. त्यांच्या सहकार्यातून निर्माण झालेले ज्ञान आज जगाच्या उपयोगी पडत आहे. त्यांच्याच नाती-नातवांनी उद्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.